तीन कोटेशनं, तीन आकडे, मग हीट पंपचा खरा खर्च किती धरायचा?

दादा, नमस्कार. आमचं दुमजली घर आहे, साधारण १३० चौरस मीटर. गॅसचा बॉयलर १७ वर्षं जुना, चालतोय अजून, पण मागच्या हिवाळ्यात दोनदा बंद पडला. आंघोळीचं गरम पाणी पण तोच थेट देतो, टाकी वगैरे नाहीये. सगळ्या खोल्यांत मिळून ११ रेडिएटर. आता हीट पंप घ्यायचा विचार आहे, बाहेरच्या हवेतली उष्णता घेऊन रेडिएटरचं पाणी तापवतो तो. तीन कोटेशनं आली. सगळ्यात कमी आकडा १०० धरला तर दुसरं १३५ आणि तिसरं थेट १९०! पहिल्याने फोनवरच घराचं क्षेत्रफळ विचारलं आणि १४ किलोवॉटचं मशीन सांगितलं, सगळं एका ओळीत. दुसरा अर्धा तास येऊन गेला, १२ किलोवॉट म्हणाला, पाण्याची टाकी धरलीये, रेडिएटर आहेत तेच राहू द्या म्हणतो. तिसरा सकाळभर टेप घेऊन फिरत होता, खोलीखोलीचा हिशेब दिला, म्हणतो ७ किलोवॉट पुरे, पण ६ रेडिएटर बदला. बाहेर उणे ८ असताना घर कसं तापेल ते पण लिहून दिलंय. मशीन निम्मं आणि पैसे जवळपास दुप्पट, हे काही पटत नाही. मिस्टर म्हणतात मशीन सगळी सारखीच, पहिलंच घेऊन टाकू. नणंदेकडे हीट पंप आल्यावर बिल उलट वाढलं, त्यामुळे मला मुळातच भीती वाटतेय. मी मीटरचं रीडिंग वहीत लिहून ठेवते. मागच्या हिवाळ्यातल्या सगळ्यात थंड आठवड्यात, सरासरी उणे १ होतं तेव्हा, ९० घनमीटर गॅस लागला. नवा बॉयलर घेतला तर तो ४५ ला पडेल. आम्ही नक्की किती खर्चाची तयारी ठेवायची?
थंडीच्या आधी ठरवायचंय

ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिलीये, ती म्हणजे ती वही. तीन कोटेशनांपैकी कोण खरं बोलतंय हे ठरवायला दुसरं कुणी लागत नाही, त्या ९० घनमीटरवरूनच कळतं, आणि ते आधी करून बघू, पैशांचं नंतर.

एक घनमीटर नैसर्गिक गॅस म्हणजे साधारण साडेदहा युनिट ऊर्जा (युनिट म्हणजे किलोवॉट-तास, विजेच्या बिलावर असतं तेच). म्हणजे त्या आठवड्यात बॉयलरने ९४५ युनिट गॅस जाळला. १७ वर्षांचा बॉयलर आहे, त्यातली १५ टक्के तरी धुराड्यातून गेली असं धरू, म्हणजे घरात आली सुमारे ८००. त्यातली आंघोळीच्या आणि भांड्यांच्या पाण्याला दिवसाला १० युनिट धरा, आठवड्याची ७० गेली, उरली ७३०. आठवड्याचे तास १६८. भागाकार करा, ४.३ किलोवॉटच्या आसपास येतं. म्हणजे बाहेर उणे १ आणि घरात २० असताना, २१ अंशांच्या फरकाला, तुमचं घर सरासरी एवढी उष्णता बाहेर टाकतं. तिसऱ्या माणसाने उणे ८ धरलंय, तिथे फरक होतो २८ अंशांचा, म्हणजे सवापटीपेक्षा थोडं जास्त, पावणेसहा किलोवॉट. त्यात गरम पाण्याचं आणि थोडं हाताशी राखून ठेवायचं मिळवलं की ७ किलोवॉट. टेप घेऊन फिरणारा माणूस आणि तुमची वही, दोघं वेगवेगळ्या वाटेने एकाच आकड्यावर आले बघा.

(तुम्ही रात्री थर्मोस्टॅट बराच खाली करत असाल किंवा एखाद-दोन खोल्या बंदच ठेवत असाल तर खरा आकडा थोडा वर जाईल, पण ७ चे १४ काही होणार नाहीत.)

आता मिस्टरांना वाटेल की मोठं मशीन घेतलं तर काय बिघडलं, आहे तर आहे. बॉयलरच्या बाबतीत हे बऱ्यापैकी खपून जायचं, घरोघरी गरजेच्या दुप्पट-तिप्पट मोठे बॉयलर बसलेत आणि कुणाला पत्ता पण नाही. हीट पंपचं तसं नाही. आजकालची इन्व्हर्टर मशीन्स स्वतःचा जोर कमी-जास्त करतात, पण खाली यायला पण एक मर्यादा असते, साधारण पूर्ण क्षमतेच्या पाव ते एक तृतीयांश. १४ किलोवॉटचं मशीन ४ च्या आसपास येऊन थांबणार. आणि तुमच्या घराला बाहेर ८ अंश असताना, जे हिवाळ्यात सगळ्यात जास्त दिवस असतं, लागतात फक्त अडीच किलोवॉट. मग ते मशीन चालू होतं, भराभर पाणी तापवतं, बंद होतं, परत चालू होतं, असं दिवसभर. कॉम्प्रेसर झिजतो, वीज वाया जाते, आणि घर कधी गरम कधी गार. म्हणजे पैसे जास्त मोजून आयुष्य कमी करून घेतल्यासारखं झालं. ७ किलोवॉटचं मशीन २ च्या जवळ उतरू शकतं आणि तासन्‌तास हळूहळू चालत राहतं, हीट पंपला तेच मानवतं.

तर पहिल्या कोटेशनबद्दल माझं स्पष्ट मत, ती किंमतच नाहीये. ज्याने घर बघितलं नाही, उष्णता किती जाते ते मोजलं नाही, त्याने दिलेला आकडा हा त्या मशीनचा आकडा आहे, तुमच्या घराच्या कामाचा नाही. आणि हीट पंपचं सगळं इथेच फसतं, लोक मशीनची किंमत शोधत बसतात, मशीन तर पूर्ण खर्चाच्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून पण कमी असतं, बाकीचा खर्च घराला त्या मशीनलायक करण्याचा असतो आणि तो घराघरागणिक वेगळा. म्हणून दोन शेजाऱ्यांनी एकच मशीन घेतलं तरी एकाला दीडपट पडतं.

तुम्ही तिसऱ्या कोटेशनचा जो फोटो सोबत पाठवलाय तो मी नीट बघितला. मशीन ७०, गरम पाण्याची टाकी आणि पाइपिंग ३५, रेडिएटर ३०, वायरिंग आणि पॅनेल २०, डिझाइन-मजुरी-चालू करून देणं २५, जुना बॉयलर काढून नेणं १०. बेरीज १९०. आता हीच यादी पहिल्याच्या कोटेशनला लावून बघा. त्यात टाकी नाही, आणि तुमचा बॉयलर पाणी थेट तापवणारा आहे, हीट पंपला ते जमत नाही, नळ सोडल्या सोडल्या एवढं पाणी झटकन तापवायला २०-२५ किलोवॉट लागतात. म्हणजे टाकी घ्यावीच लागणार, १८०-२०० लिटरची तरी. त्याचे ३० मिळवा. वायरिंगचे २०. बॉयलर काढायचे १०. झाले १६०! आणि रेडिएटरचा विषय अजून निघालाच नाही. दुसऱ्याच्यात टाकी आहे पण वायरिंग आणि जुनं काढणं नाही, ते धरलं की १३५ चे १६५. म्हणजे १०० विरुद्ध १९० असं जे दिसतंय ते खरं १६० विरुद्ध १९० आहे, आणि मधल्या ३० मध्ये येतात ते रेडिएटर.

हे मी एवढं जीव तोडून सांगतोय कारण आमच्याकडे हेच झालं होतं. आम्ही बसवला तेव्हा कोटेशनमध्ये वायरिंगचा एक शब्द नव्हता आणि मला विचारायचं सुचलं नाही. जुना बॉयलर काढून झाला, भिंतीला भोकं पडली, आणि मग त्यांचा इलेक्ट्रिशियन म्हणाला की मेन पॅनेलला एवढा लोड झेपणार नाही, बदलावं लागेल. घरात हीटिंग नाही, आई आजारी, घासाघीस कुठली करणार, सांगतील ते दिले. पैशांपेक्षा ते दहा दिवस गारठ्यात काढले त्याचं दुःख जास्त आहे. म्हणून आता कुणीही विचारलं की मी आधी पॅनेलचा फोटो मागतो. हीट पंपला स्वतःचं वेगळं सर्किट आणि ब्रेकर लागतो, काही मशीनच्या आत जादा थंडीसाठी विजेचा हीटर असतो, तो एकटाच ६ ते ९ किलोवॉट खेचतो. घरात आधीच विजेची शेगडी असेल, गाडी चार्ज होत असेल, तर एकूण लोड किती होतो हे लेखी मागा. वीज कंपनीकडून कनेक्शन वाढवून घ्यायचं असेल तर त्याला पैसे लागतात ते लागतात, वर आठवडेच्या आठवडे जातात.

आता रेडिएटर, आणि इथेच तुमच्या नणंदेच्या बिलाचं उत्तर पण आहे.

हीट पंप उष्णता बनवत नाही, इकडची तिकडे नेतो, आपला फ्रीज करतो तेच उलट्या दिशेने. म्हणून १ युनिट वीज घालून ३-४ युनिट उष्णता मिळते. (हे काही नवीन फॅड नाही, लॉर्ड केल्व्हिनने ही कल्पना १८५२ सालीच मांडली होती.) पण किती पट मिळणार हे एका गोष्टीवर ठरतं, बाहेरची हवा आणि रेडिएटरमधलं पाणी यांच्या तापमानात किती अंतर आहे. जितकं पाणी गरम मागाल तितकी मेहनत जास्त. पाण्याचं तापमान १ अंशाने खाली आणलं की विजेत साधारण २ ते अडीच टक्के वाचतात. ५५ चं ४५ केलं तर २० टक्क्यांवर फरक पडतो, आणि तो एका वर्षाचा नाही, मशीन चालेल तितकी १५-२० वर्षं दरवर्षी.

पण पाणी कोमट केलं की रेडिएटर पण कमी उष्णता देतो. बॉयलरवर रेडिएटरमध्ये सरासरी ७० अंशाचं पाणी फिरत असेल आणि खोली २० वर असेल तर फरक ५० चा. तेच पाणी ५० वर आणलं तर फरक ३० चा उरतो आणि रेडिएटर आधीच्या जेमतेम निम्मी उष्णता देतो. म्हणून मोठे रेडिएटर लागतात. दुसरा इन्स्टॉलर म्हणतोय रेडिएटर राहू द्या, म्हणजे तो ५५ अंशाच्या पाण्यावर चालवणार, विचारून बघा त्याला. मशीन चालेल, घर पण तापेल, फक्त त्याचे ३० आज वाचले ते तुम्ही विजेच्या बिलात भरत राहणार.

नणंदेकडे बहुतेक हेच झालंय. वीज महाग असते आणि गॅस स्वस्त, त्यामुळे नुसतं मशीन ‘कार्यक्षम’ असून भागत नाही, ते किती पट देतंय आणि तुमच्याकडे विजेचा दर गॅसच्या किती पट आहे या दोघांची शर्यत असते. समजा एका युनिटला वीज गॅसच्या ३ पट महाग आहे. तुमचा जुना बॉयलर ८५ टक्के काम देतो. मग हीट पंपने वर्षाची सरासरी २.५५ पट दिली की बरोबरी. ३.५ पट दिली तर हीटिंगचं बिल पाव भागाहून जास्त कमी. अडीच पट दिली तर बिल थोडं वाढलेलंच. आणि दर ४ पट असेल तर नुसत्या बरोबरीला ३.४ लागतात, म्हणजे पाणी गरम ठेवून चालणारच नाही. दोन्ही दर तुमच्या बिलावर छापलेले असतात, आज रात्री काढून भागाकार करून बघा. नणंदेला सांगा की मशीनच्या सेटिंगमध्ये पाण्याचं तापमान एकाच आकड्यावर, ६० वगैरे, अडकवून ठेवलंय का ते बघ. बऱ्याच ठिकाणी बसवणारा माणूस घाईत तसंच सोडून जातो. बाहेरचं तापमान बघून पाण्याचं तापमान आपोआप कमी-जास्त करायची सोय जवळजवळ सगळ्या मशीनमध्ये असते, ती फक्त चालू करावी लागते आणि दोन-तीन आठवडे थोडं थोडं खाली आणत बघावं लागतं. एक पैसा न घालता तिचं बिल उतरू शकतं. मशीनच्या आतला जादा थंडीसाठीचा विजेचा हीटर सारखा लागतोय का हे पण बघायला सांगा, तो एका युनिटला एकच युनिट देतो.

हे सगळं समजल्यावर सुद्धा मी तुम्हाला १९० जसेच्या तसे द्या म्हणणार नाही. ६ रेडिएटर खरंच बदलावे लागतील का हे तुम्ही स्वतः फुकटात तपासू शकता, फक्त थोडी थंडी पडू द्या. बाहेर शून्याच्या आसपास असेल असा एक शनिवार-रविवार निवडा, बॉयलरवर हीटिंगच्या पाण्याचा जो नॉब आहे तो ५० वर आणा (नळाच्या पाण्याचा नॉब वेगळा असतो, त्याला हात लावू नका), सगळ्या रेडिएटरचे व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आणि दोन दिवस बॉयलर रात्रंदिवस चालू ठेवा. मग प्रत्येक खोलीचं तापमान वहीत लिहा. ज्या खोल्या २० वर टिकल्या तिथले रेडिएटर बहुधा पुरेसे आहेत, जिथे १७ वर अडकलं तिथला बदलायचा. जुन्या घरांत रेडिएटर पुष्कळदा गरजेपेक्षा मोठेच बसवलेले असतात, आणि नंतर खिडक्या बदलल्या असतील तर अजूनच. शून्याला जमलं म्हणजे उणे ८ ला जमेलच असं नाही, तेव्हा काठावरची एखादी खोली बदलायच्या यादीतच ठेवा. तरी माझा अंदाज ६ चे ३-४ होतील. तिथे १०-१५ वाचले.

अजून एक जागा म्हणजे बफर टाकी, ती गरम पाण्याच्या टाकीहून वेगळी, हीटिंगच्या पाण्याची. पुष्कळ इन्स्टॉलर सवयीने टाकतात. रेडिएटरचं सर्किट मोकळं आणि पुरेसं मोठं असेल तर लहान घराला नेहमी लागतेच असं नाही, आणि चुकीची जोडली तर गरम-गार पाणी मिसळून कार्यक्षमता खाते. तिसऱ्याला विचारा ‘का लागते’, कारण सांगता आलं तर ठेवा. जिथे मात्र कात्री लावू नका ते म्हणजे जुन्या पाइपांची आतून धुलाई आणि चुंबकाचा फिल्टर, १७ वर्षांचा काळा गाळ नव्या मशीनच्या हीट एक्स्चेंजरमध्ये (जिथे उष्णता पाण्यात उतरते तो भाग) गेला की वॉरंटीवाले हात वर करतात.

आणि सगळ्याच्या आधी माळा बघा. छताला इन्सुलेशन पातळ असेल, दारं-खिडक्यांच्या फटीतून वारा येत असेल, तर ते काम हीट पंपच्या तुलनेत खूपच स्वस्त पडतं आणि ते झालं की पावणेसहा किलोवॉटचे पाच होऊ शकतात, म्हणजे मशीन एक नंबर लहान, रेडिएटर अजून कमी. उलट क्रमाने केलं, आधी मशीन आणि मग इन्सुलेशन, तर मशीन कायमचं मोठं होऊन बसतं. हा क्रम लोक हमखास चुकवतात आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण पैसे तेवढेच गेलेले असतात.

बाहेरच्या युनिटची जागा हा किरकोळ विषय वाटतो पण तिथेही खर्च लपलेला असतो. खाली काँक्रीटचा ओटा, कंप शोषणारे पाय, बर्फ पडत असेल तर उंच स्टँड. थंडीत त्यावर बर्फाचा थर जमतो, मशीन मधेमधे तो वितळवतं आणि बरंच पाणी खाली सोडतं. त्या पाण्याला वाट नसेल तर पायवाटेवर काचेसारखा बर्फ होतो, आमच्याकडे पहिल्याच थंडीत झाला, नशीब कुणी पडलं नाही. शेजाऱ्याच्या बेडरूमच्या खिडकीसमोर लावू नका, आवाजाचे नियम असतील तर ते इन्स्टॉलरने तपासून लेखी द्यायचे. बऱ्याच नव्या मशीनमध्ये उष्णता वाहून नेण्यासाठी आत फिरणारा गॅस म्हणून आर-२९० म्हणजे प्रोपेन येतो, तापमानवाढीच्या हिशेबात तो जुन्या आर-४१०ए च्या पासंगालाही नाही (कार्बन डायऑक्साइड १ धरला तर ३ कुठे आणि २०८८ कुठे), पण ज्वलनशील आहे, त्यामुळे दार, खिडकी, गटाराचं झाकण यांच्यापासून अंतर सोडावं लागतं. जागा लांब गेली की पाइप लांबतो आणि पाइप लांबला की बिल.

सबसिडीचं तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. बऱ्याच देशांत सरकार किंवा वीज कंपनी मोठी मदत देते, पण अटी असतात, मान्यताप्राप्त इन्स्टॉलरच हवा, ठराविक मशीनच हवं, आणि काही ठिकाणी मंजुरी आल्याशिवाय सही किंवा काम सुरू केलं तर मदत गेलीच. तेव्हा सही करायच्या आधी चौकशी. आणि कोटेशनवर सबसिडीआधीची पूर्ण किंमत पण छापून मागा, कारण सबसिडी कापूनच रक्कम सांगणारे मूळ किंमत कुठे नेऊन ठेवतात ते दिसत नाही. पहिल्याने १०० सांगितले ते आधीचे की नंतरचे हे तरी माहितीये का तुम्हाला?

दुसरं, रेडिएटरचे वाचलेले १५ वजा करून १९० चे १७५ धरले, तरी तुलना १७५ विरुद्ध शून्य अशी करू नका. बॉयलर तसाही शेवटच्या घटका मोजतोय, नवा घेतला तर ४५ जाणारच आहेत. म्हणजे हीट पंपचा खरा जादा खर्च १३०, त्यातून सबसिडी वजा, आणि स्वयंपाक पण विजेवर असेल तर गॅसचं कनेक्शनच बंद करून त्याचा महिन्याचा ठरावीक आकार वाचतो तो पण वजा.

काही वाचक विचारतात की याहून स्वस्त काही नाही का. आहे, भिंतीवरचा स्प्लिट, म्हणजे आपण एसी म्हणतो तोच, जो थंडीत उलटा चालतो. एका मोठ्या खोलीचं काम पूर्ण घराच्या सिस्टिमच्या कितीतरी कमी पैशात होतं, टाकी नाही, रेडिएटर नाही. पण खोल्या वाढल्या की प्रत्येक खोलीला एक युनिट, आणि आंघोळीच्या पाण्याचा प्रश्न तसाच. ज्यांना एसी घ्यायचाच आहे किंवा जुना एसी बदलायचाय त्यांनी मात्र जरूर बघावं, कारण एसी आणि तसाच पण गरम पण करणारा, यांच्या किमतीत फरक थोडाच असतो. आणि जमिनीतून उष्णता घेणारा प्रकार उलट टोकाचा, १०० मीटरच्या आसपास खोल बोअर मारावे लागतात, एकूण खर्च हवेवाल्याच्या दुपटीच्या घरात सहज जातो. कडक थंडीत पण त्याचा जोर टिकतो आणि जमिनीतला पाइप पुढच्या दोन-तीन मशीनना पुरतो, पण तुमच्या ७ किलोवॉटसाठी मी तो खड्डा खणायला सांगणार नाही.

तर ताई, आकडा मागितलात, आकडा देतो. तुमच्या मापात पूर्ण काम १७० ते १८० ला व्हायला हवं, आणि त्यावर १५-१८ वेगळे बाजूला ठेवा, भिंत उघडल्यावर काय निघेल ते कुणालाच दिसत नसतं. १६० च्या खाली कुणी आलं तर काय वगळलंय ते शोधा. दुसऱ्या इन्स्टॉलरला परत बोलवायला हरकत नाही, त्याला सांगा की खोलीनिहाय उष्णतेचा हिशेब कर आणि ४५-५० च्या पाण्यावर ७ किलोवॉटचं कोटेशन दे, टाकी, वायरिंग, रेडिएटर, जुनं काढणं सगळं वेगवेगळ्या ओळीत. तयार झाला तर तुमच्या हातात दोन खरी कोटेशनं येतील आणि मग घासाघीस करायला मजा आहे. नाही म्हणाला तर तेही एक उत्तरच झालं.

तिसऱ्याकडून पण दोन-तीन गोष्टी लिहून घ्या. ठरलेल्या पाण्याच्या तापमानाला वर्षाची सरासरी किती पट मिळेल तो आकडा, आणि तो ३५ अंशाचा नको, जाहिरातीत तोच छापतात कारण तो सगळ्यात चांगला दिसतो, तुमच्या रेडिएटरला लागणाऱ्या तापमानाचा हवा. वॉरंटी मशीनची किती, कॉम्प्रेसरची किती, मजुरीची किती, तिन्ही वेगळ्या असतात, आणि दरवर्षी सर्व्हिसिंग केलं नाही तर ती जाते का. सर्व्हिसिंगचा वर्षाचा खर्च पण आत्ताच विचारा. पैसे टप्प्याटप्प्याने द्या, सगळे आधी अजिबात नाही. शेवटचे १० टक्के मशीन चालू करून, सेटिंग समजावून, कागद हातात दिल्यावरच, आणि तो माणूस पहिल्या खऱ्या थंडीत एकदा परत येऊन पाण्याचं तापमान जुळवून देईल असं कोटेशनवरच लिहून घ्या.

बॉयलर अजून चालतोय तोवर हे सगळं निवांत करता येईल, पूर्ण बंद पडल्यावर जो उद्या येईल त्याचं घ्यावं लागतं. ५० अंशाचा प्रयोग झाला की खोल्यांचे आकडे मला पाठवा, आणि मेन पॅनेलचा एक फोटो पण, झाकण उघडू नका, बाहेरून ब्रेकर दिसतील इतपत पुरे.